सहा पलंग आणि चार सीटबेल्ट

वाचकाचे पत्र

आम्ही घरात पाच जण आहोत : मी, माझे पती, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गेली तीन वर्षे आम्ही तंबू घेऊन सुट्टीत बाहेर पडतो. परंतु आता गुडघ्यांमुळे सासूबाईंना जमिनीवर झोपवत नाही, म्हणून वापरलेले मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घ्यायचे ठरवले आहे. दोन वाहने पाहण्यात आली आहेत. पहिले सोळा वर्षांचे, चालकाच्या डोक्यावर मोठा पलंग असलेले, सहा जणांच्या झोपण्याची सोय असलेले, केवळ ४८,००० किलोमीटर धावलेले आणि आतून अगदी नव्यासारखे आहे. दुसरे नऊ वर्षांचे, बुटक्या छपराचे आणि १,३५,००० किलोमीटर धावलेले आहे. त्यात पाच जण झोपतात, पण जागा कमी आहे आणि आतले कापड मळलेले आहे. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी आहे. मुलांना पहिले आवडले आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही. त्या वाहनाचा विक्रेता म्हणतो, की आणखी दोन गिऱ्हाइके तयार आहेत, तेव्हा रविवारपर्यंत इसार द्या. आम्हाला वाहनांतले फारसे कळत नाही. कोणते घ्यावे, आणि घेण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात पलंग मोजलेले आहेत, धावलेले किलोमीटर मोजलेले आहेत, वाहनाचे वय मोजलेले आहे. परंतु गाडी रस्त्यावर असताना तुम्ही पाच जण नेमके कोठे बसणार, हे त्यात नाही. यात तुमचा दोष नाही. मोटरहोमच्या जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ असे लिहिलेले असते, तेव्हा सहा जणांना झोपता येते एवढाच त्याचा अर्थ असतो, सहा जणांना सुरक्षित प्रवास करता येतो असा नसतो. आणि डोक्यावर पलंग असलेल्या जुन्या वाहनांत सहा पलंग आणि चारच सीटबेल्ट ही जोडी इतक्या वेळा आढळते, की सल्ला मागायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो. तेव्हा दोन्ही विक्रेत्यांना आजच दूरध्वनी करा आणि कारखान्यातून बसवून आलेले सीटबेल्ट किती आहेत व ते कोणत्या आसनांवर आहेत, एवढे विचारून घ्या. नोंदणीच्या कागदावर बसणाऱ्यांची संख्या दिलेली असल्यास तीही विचारा. पहिल्या वाहनात पट्टे चारच असतील, तर तुमच्या कुटुंबापुरता त्या वाहनाचा विचार तेथेच संपतो, मग ते आतून कितीही देखणे असो.

‘मुलगी मागे पलंगावर बसेल, आम्ही सावकाश चालवू’ असे पुष्कळ पालक मला सांगतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबते, तेव्हा आत मोकळे बसलेले माणूस त्याच वेगाने पुढे फेकले जाते, आणि मोटरहोममध्ये त्याच्या पुढे स्वयंपाकाचा ओटा, टेबलाची कड किंवा चालकाची पाठ असते. या बाबतीत सवलत देण्यासारखे काहीही नाही.

पट्टे पुरेसे आहेत असे कळले, की ते कसे आहेत ते पाहावे. पुढे तोंड असलेले आसन आणि खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा ही सर्वांत चांगली व्यवस्था. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, प्रवासाच्या दिशेकडे पाठ असलेल्या आसनांवर जुन्या वाहनांत बहुधा फक्त कमरेचा पट्टा असतो, आणि त्यावर मुलांची बहुतेक सुरक्षा आसने नीट बसत नाहीत. तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला तसे आसन लागणारच, आणि नऊ वर्षांच्या मुलीलाही उंची पुरेशी होईपर्यंत उंचवटा देणारे आसन लागेल. म्हणून ती दोन्ही आसने बरोबर घेऊन जा आणि प्रत्यक्ष बसवून पाहा. बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसायची आडवी आसने प्रवासासाठी धरू नका. अपघातात अशा आसनावरचे शरीर आडवे वाकते आणि पट्टा त्याला सावरू शकत नाही. युरोपीय संघाने २००७ पासून नव्या प्रवासी वाहनांत अशा आसनांना मनाई केली, ती याच कारणाने. आणखी एक खबरदारी घ्या. आधीच्या मालकाने पट्टे नंतर बसवून घेतलेले असतील, तर आसनाची गादी उचलून खालचा सांगाडा पाहा. पट्ट्याचे टोक पोलादी चौकटीतून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या खालच्या मुख्य सांगाड्यापर्यंत, गेलेले असावे. ते प्लायवूडच्या पेटीला स्क्रूने अडकवलेले दिसले, तर त्या पट्ट्याला मोजणीत धरू नये.

आता ‘आतून अगदी नव्यासारखे’ या तुमच्या शब्दांकडे येतो, कारण माझी खरी काळजी तेथे आहे. मोटरहोम म्हणजे दोन वस्तू असतात : खाली वाहन आणि वर घर. विकत घेणारे बहुतेक लोक वाहनाची भीती बाळगतात आणि घरावर विश्वास ठेवतात. मी याच्या उलट करायला सांगेन. इंजिन, ब्रेक, क्लच यांना काय झाले आहे हे कोणताही जाणकार मेकॅनिक एका तासात सांगतो, त्यांचे भाग मिळतात आणि ते बदलता येतात. घराच्या भिंती मात्र पातळ प्लायवूड, लाकडी पट्ट्या, मध्ये उष्णतारोधक फोम आणि बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा अशा थरांच्या असतात, आणि हे थर जेथे एकमेकांना मिळतात तो प्रत्येक सांधा केवळ सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लवचिक लेपाच्या, जोरावर पाण्याला अडवून धरतो. ऊन, थंडी आणि रस्त्यावरचे हादरे यांनी ते सीलंट कडक होते, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात, आणि पाणी आत शिरू लागते. ते आतून भिंतीला लावलेल्या कागदावर लगेच दिसत नाही. आधी फोमच्या कडेने लाकडी पट्टीपर्यंत जाते, तेथे राहते, पट्टी कुजवते, आणि आतल्या पृष्ठभागावर डाग उमटतो तोवर पुष्कळदा वर्ष-दोन वर्षे उलटलेली असतात. अशी भिंत दुरुस्त करायची म्हणजे कपाटे, खिडकी, आतला थर काढून ती नव्याने उभी करावी लागते, आणि हे काम जाणणारे कारागीर थोडे असतात.

माझ्या स्वतःच्या पहिल्या मोटरहोममध्ये मागच्या पलंगाखालच्या कप्प्यात जाड गालिचा चिकटवलेला होता. मी तो उचलून पाहिला नाही. दुसऱ्या वर्षीच्या पावसात तो कप्पा उघडला तेव्हा कुबट वास आला, गालिचा ओढल्यावर खालचे प्लायवूड हातात भुसभुशीत होऊन आले, आणि त्या वर्षीची आमची सगळी सुट्टी त्या एका कोपऱ्याच्या दुरुस्तीत गेली. तेव्हापासून मी कोणत्याही जुन्या मोटरहोममध्ये आधी गालिचे उचलतो आणि मग बाकीचे पाहतो.

चालकाच्या डोक्यावरचा फुगीर भाग ही ओल शिरण्याची सर्वांत ठरलेली जागा आहे. गाडी चालत असताना पावसाचा मारा थेट त्याच्यावर होतो, त्याला पुढचे, बाजूचे आणि छपराचे असे अनेक सांधे असतात, आणि त्यावर मुले चढ-उतार करतात. म्हणून पहिल्या वाहनाची तपासणी तेथूनच सुरू करा. गादी पूर्ण काढा, खालची फळी बोटांनी दाबत कोपऱ्यांपर्यंत जा, पुढच्या खिडकीच्या खालच्या कडेवर अंगठा दाबून पाहा. निरोगी भिंत टणक लागते. ओली भिंत किंचित दबते, कागद सुरकुततो किंवा त्याखाली पोकळी जाणवते. यानंतर छपरावरच्या प्रत्येक झरोक्याभोवती, प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, वरच्या कपाटांच्या आत भिंत आणि छत मिळते त्या रेषेवर, बाहेरच्या दिव्यांच्या आणि मागच्या सायकल-स्टँडच्या बोल्टांच्या आतल्या बाजूला असेच दाबून पाहा. दारापाशी आणि ओट्यासमोर अनवाणी उभे राहून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. जमीन लवचिक लागली किंवा करकरली, तर तिचे थर सुटलेले असू शकतात. बाहेरून भिंतीला गाल लावून तिच्या लांबीवरून नजर टाकली की फुगवटे दिसतात.

वाहन पाहायला जाण्याआधी विक्रेत्याला सांगा, की दारे-खिडक्या आदल्या रात्रीपासून बंद ठेवा. दार उघडल्यावर पहिला श्वास नाकाने घ्या, कारण दहा मिनिटांनी नाकाला त्या वासाची सवय होते. जोरदार सुगंधी फवारा मारलेला असेल, एकाच कोपऱ्यात नवा कागद लावलेला असेल, किंवा बाहेरच्या सांध्यावर सीलंटचे जाडजूड ओघळ फासलेले असतील, तर तेथे काहीतरी झालेले आहे असे समजून दुप्पट लक्ष द्या. शक्य झाल्यास पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. आणि ओल मोजण्याचे छोटे यंत्र असलेल्या जाणकाराकडून सगळ्या भिंतींची मोजणी करून घ्या. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचे आकडे चिंतेचे नसतात, १५ ते २० टक्क्यांच्या जागा लक्षात ठेवून काही महिन्यांनी पुन्हा मोजाव्यात, २०च्या वर पाणी आत येत आहे असे धरावे, आणि ३०च्या वर आकडा दिसला तर आतले लाकूड खराब झाले असण्याची शक्यता मोठी असते. तुमच्यासारख्या, दुरुस्ती स्वतः न करणाऱ्या कुटुंबाने ३०चा एकही आकडा असलेले वाहन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किंमत कितीही उतरवून मिळाली तरी.

पहिल्या वाहनाचे कमी रनिंग तुम्हाला गुण वाटते. माझ्या मते ती आधी चौकशीची बाब आहे. सोळा वर्षांत ४८,००० म्हणजे वर्षाला सरासरी ३,००० किलोमीटर. ते वाहन छपराखाली उभे होते, की उघड्यावर, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही किंमत नाही. उभ्या वाहनाचेही वय वाढते : टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असलेल्या इंजिनात तो ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलायचा असतो, आणि कमी धावलेल्या गाड्यांत नेमका तोच राहून गेलेला असतो, ब्रेकच्या तबकड्या गंजतात, रबराच्या नळ्या तडकतात, टायर एकाच ठिकाणी दबून राहतात. टायरांची खाच खोल दिसली म्हणून समाधान मानू नका. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हाताऱ्या होणाऱ्या जातीचे असतात, कारण भार पूर्ण आणि चालणे कमी. सहा-सात वर्षांहून जुने टायर बदलायचे आहेत असे समजून त्यांचा खर्च आत्ताच किमतीत धरा, आणि दहा वर्षांचे टायर असतील तर चाचणीफेरीसुद्धा जपून घ्या.

दुसऱ्या वाहनाचे १,३५,००० किलोमीटर मला घाबरवत नाहीत. मोटरहोमच्या खालचे वाहन बहुधा मालवाहू व्हॅनचे असते, आणि वेळच्या वेळी तेल, फिल्टर आणि बेल्ट बदललेले असतील, तर डिझेल इंजिनाला हा आकडा फार नाही. अट एवढीच, की त्या देखभालीचे कागद तारखांसह समोर आले पाहिजेत. दोन्ही गाड्यांचे इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोहोचता तेव्हा बॉनेट कोमट लागले, तर ते आधीच सुरू करून ठेवलेले आहे. चढावर मागचा गिअर टाकून हळूहळू मागे घ्या, कारण एवढ्या वजनाखाली क्लचचा थरथराट तेथेच उघड होतो. नव्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो आणि तो केवळ छोट्या फेऱ्यांनी तुंबतो, तेव्हा त्याचा इशारा देणारा दिवा पेटत नाही ना, हेही पाहा. खाली वाकून चासीवरचा गंज पाहायचे काम मात्र मेकॅनिकवरच सोपवा.

आता वजनाबद्दल. हा विषय कंटाळवाणा वाटतो, आणि म्हणूनच नेमका येथे कुटुंबांचा हिशेब चुकतो. प्रत्येक वाहनावर कारखान्याने एक पट्टी लावलेली असते, तिच्यावर वाहनाचे कमाल वजन आणि प्रत्येक आसावरचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवरचे, कमाल वजन दिलेले असते. अनेक देशांत साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते, म्हणून बहुतेक कौटुंबिक मोटरहोम नेमकी त्या मर्यादेत बसवलेली असतात. समजा, चालक आणि इंधनासह वाहन ३,०८० किलो आहे. म्हणजे तुमच्या हाती ४२० किलो राहिले. उरलेली चार माणसे मिळून १८५ किलो धरू. आधीच्या मालकाने नंतर बसवलेला बाहेरचा सावलीचा पडदा, दुसरी बॅटरी आणि सौर पॅनेल यांचे ७० किलो धरू. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो. उरले ६५ किलो, आणि त्यात पाच जणांचे कपडे, अंथरुणे, भांडी, शिधा, बाहेरच्या खुर्च्या, मुलांच्या सायकली आणि गॅसची सिलिंडरे बसवायची आहेत. ती बसत नाहीत. जादा भाराने ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, टायर तापून फुटतात, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो. मोठे वाहन म्हणजे जास्त सामान, हा समज येथे उलटा ठरतो, कारण मोठ्या वाहनाचे घरच मुळात जड असते. म्हणून जाहिरातीतल्या आकड्यावर न जाता, वाहन वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा मोजून घ्या. मागच्या चाकांपलीकडे लांब शेपूट असलेल्या वाहनात तर हे फारच आवश्यक आहे; अगदी टोकाला टांगलेल्या सायकली तरफेसारखे काम करतात, मागच्या आसावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतात आणि पुढची चाके हलकी करतात.

घरातल्या सोयींची तपासणी तुलनेने सोपी आहे, पण ती सगळी चालू करून पाहावी लागते. ‘चालते’ हे विक्रेत्याचे शब्द पुरेसे नाहीत. फ्रिजचे उदाहरण घ्या. अनेक मोटरहोममध्ये तो वीज, बॅटरी आणि गॅस अशा तिन्हींवर चालणारा असतो, त्यात कॉम्प्रेसर नसतो, तो उष्णतेच्या जोरावर थंड होतो आणि त्याला तासन्‌तास लागतात. म्हणून आदल्या रात्री तो गॅसवर लावून ठेवायला सांगा आणि तुम्ही गेल्यावर आत हात घालून पाहा. मागच्या बाजूला पिवळा डाग किंवा अमोनियाचा उग्र वास असेल, तर त्याची थंड करणारी यंत्रणाच गळते आहे. बॅटरीचे व्होल्ट चार्जर काढल्यानंतर काही तासांनी मोजावेत. शिशाची चांगली, भरलेली बॅटरी १२.७च्या आसपास दाखवते, आणि १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. पाण्याची टाकी भरून प्रत्येक नळ सोडा, गरम पाणी येईपर्यंत थांबा, मग कपाटांच्या आत नळ्यांच्या जोडांवर कोरडा कागद फिरवा. न्हाणीच्या तळाला बारीक तडे आहेत का, हेही तेव्हाच पाहा, कारण त्या तड्यांतून पाणी थेट जमिनीच्या थरांत जाते.

गॅसबाबत मी सर्वांत कडक आहे. सगळ्या जोडांची दाबचाचणी अधिकृत तंत्रज्ञाकडून झाल्याशिवाय त्या वाहनात तुम्ही एकही रात्र काढू नये. रबरी नळीवर छापलेली तारीख वाचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून मोटरहोमच्या जमिनीत मुद्दाम भोके ठेवलेली असतात, आणि थंडी वा मुंग्या येतात म्हणून ती कोणीतरी बुजवलेली मी प्रत्यक्ष पाहिली आहेत. ती मोकळी हवीत. थंड प्रदेशात जाणार असाल तर प्रोपेनचे सिलिंडर घ्या. ब्यूटेनचे शून्याच्या आसपासच वायूत रूपांतर थांबते, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा त्याचा इशारा देणारे यंत्र, धुराचे यंत्र आणि आगीवर टाकायचे ब्लँकेट ही खरेदी वाहन घरी आणण्याच्या दिवशीच करा.

राहणीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरीही तुमच्या निर्णयात त्याचे वजन मोठे असायला हवे, कारण हे वाहन तुम्ही सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घेत आहात. मोटरहोमचे काही पलंग कायम अंथरलेले असतात, काही टेबल खाली पाडून, गाद्या जोडून रोज रात्री तयार करावे लागतात. सासूबाईंना खालचा, कायमचा आणि दोन्ही नाही तरी एका बाजूने सरळ उतरता येईल असा पलंग हवा, आणि त्यांच्या पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट रात्री कोणाच्या अंथरुणावरून जाता कामा नये. डोक्यावरचा पलंग मुलांना हवाहवासा वाटतो. परंतु सहा वर्षांखालच्या मुलांना उंचावरच्या पलंगावर झोपवू नये, असेच सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. म्हणजे तुमचा मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत तेथे झोपणार नाही, आणि नंतरही पडू नये म्हणून जाळी किंवा कठडा लागेल. हे धरले की ‘सहा पलंग’ तुमच्यासाठी सध्या सहा राहत नाहीत. बैठकीचे टेबल रोज पलंगात बदलावे लागत असेल, तर धाकटा आठ वाजता झोपला की मोठ्यांना बसायला जागा उरत नाही. पावसाळी संध्याकाळी हे फार जाणवते. शौचालयाची काढता येणारी टाकी साधारण १७ ते २० लिटरची असते, पाच जणांत ती एक-दोन दिवसांत भरते, तेव्हा ती बाहेरून सहज निघते का, हे तुमच्या पतींनी स्वतः करून पाहावे.

हे सगळे लक्षात घेऊन माझा कौल विचाराल तर तो दुसऱ्या वाहनाकडे झुकतो : पाच पट्टे खरोखर असतील, ओलीचे आकडे खाली असतील आणि देखभालीचे कागद सलग असतील, या तीन अटींवर. मळलेले कापड धुता येते, बदलता येते. छप्पर बुटके असल्याने वारा कमी लागतो, चालवणे सोपे जाते आणि इंधनही कमी लागते. पहिल्याला मी नाकारत नाही. त्यात पाच पट्टे निघाले, डोक्यावरचा भाग कोरडा निघाला आणि वजनात जागा उरली, तर मुलांची आवड मोडण्याचे कारण नाही. मात्र या तीनही गोष्टी एकत्र जुळून येण्याची मला फारशी आशा नाही. दोन्हींपैकी काहीही घेण्याआधी त्याच रचनेचे मोटरहोम चार-पाच दिवस भाड्याने घेता आले, तर अवश्य घ्या. तसेच, ठरवलेल्या रकमेतला सहावा हिस्सा तरी बाजूला ठेवून उरलेल्यात किंमत बसवा, कारण टायर, बॅटरी, बेल्ट आणि सीलंट यांतले काहीतरी पहिल्या वर्षी निघतेच.

राहता राहिला रविवार. आणखी दोन गिऱ्हाइके खरोखर असतीलही; तरी पाहण्याआधी पैसे देऊ नका. विक्रेत्याला नम्रपणे कळवा, की तपासनीस आणि मेकॅनिक यांना घेऊन येण्याची तारीख द्या, त्याच दिवशी निर्णय सांगतो. तोवर वाहन राखून ठेवण्यासाठी इसार द्यावाच लागला, तर ‘ओलीच्या तपासणीत, गॅसच्या चाचणीत किंवा कागदपत्रांत दोष आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ हे शब्द पावतीवर लिहून आणि सही घेऊनच द्या. ज्याचे घर कोरडे आहे तो विक्रेता यावर सही करतो. चासीवर कोरलेला क्रमांक, पट्टीवरचा क्रमांक आणि नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक एकच आहेत ना, वाहनावर कर्जाचा बोजा शिल्लक नाही ना, आणि तुमच्या परवान्यावर एवढ्या वजनाचे वाहन चालवता येते ना, हे त्याआधी पाहून घ्या.

आणि त्या तपासणीच्या दिवशी दोघेच जाऊ नका. पाचही जण जा. सगळ्यांना आपापल्या आसनावर बसवा, मुलांची सुरक्षा आसने बांधा, पट्टे लावा आणि अर्धा तास गाडी फिरवून आणा. परत आल्यावर रात्रीसारखे सगळे पलंग घाला, सासूबाईंना त्यांच्या पलंगावर झोपायला सांगा, आणि दिवा न लावता शौचालयापर्यंत जाऊन यायला सांगा. त्या काय म्हणतात ते मला कळवा.